शून्य धरलेलं पाणी

खाणीच्या खंदकातलं तांबडं पाणीसुद्धा शुद्ध निघालं, तेव्हा सोनालीने चहाचा कप खाली ठेवला.

सकाळपासून ती माहेरच्या पडवीत यंत्र मांडून बसली होती. डिचोली तालुक्यातल्या या गावाच्या डोक्यावरच खाणीच्या टाकाऊ मातीचा डंप आहे. त्या मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात का, हे तिला बघायचं होतं. काचेच्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे ठिपके होते. प्रकाश पडला की ते सोनं एका ठरावीक रंगालाच साद देतं. ठिपक्याला कण चिकटला, की तो रंग केसभर सरकतो आणि लॅपटॉपवरची रेघ वर चढते. विहिरीमागून विहीर तपासून झाली, पण मेली रेघ जागची हलेना.

"बघलंस? लोकांका उगाच भियेवतत," आई, सत्यवती, खुशीत म्हणाली होती.

पण खंदकातलं पाणी? ते गाळून घेतलं होतं हे खरं, तरी त्यात मातीचा कणही नाही हे कुठल्या शहाण्याला पटेल?

मग सोनालीला चूक सापडली. मोजण्याआधी पट्टीवरून स्वच्छ पाणी सोडून रेघ शून्यावर आणायची असते. त्यासाठी प्रयोगशाळेतली पाण्याची बाटली पेटीत होती, तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. सोनालीने वापरलं होतं सातेरीच्या झरीचं पाणी. देवळामागच्या कपारीतून येणारं, देवीच्या स्नानाचं. गावात शपथ घ्यायची ती या पाण्यावर. ते तपासून बघावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. पीएच.डी. झाली तरी पोर गावचीच.

तिने नवी पट्टी लावली. बाटलीतल्या पाण्यावर रेघ शून्याला आणली आणि मग झरीचं पाणी सोडलं. रेघ चढली. चढतच राहिली आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. पुन्हा नव्या पट्ट्या लावून विहिरींचं पाणी पाहिलं, तर रेघ निम्म्यावर थांबली. विहिरींना निदान तळाची वाळू होती, झर मात्र थेट डंपाच्या पोटातून येत होती. सकाळी तिच्या कणांनी सगळे ठिपके आधीच भरून टाकले होते, बाकीच्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

सोनालीने पडद्यावरून नजर उचलली. घरात फक्त झरीचंच पाणी पिणारं एकच माणूस होतं, भावाची बायको, सुविधा. ती समोरच पायरीवर पेला घेऊन बसली होती. सातवा महिना लागला होता. गरोदर सुनेने झरीचंच पाणी प्यायचं आणि सासूने ते अनवाणी जाऊन आणायचं, ही घरची रीत. सुविधासाठी सत्यवतीने ती याआधी दोनदा पाळली होती. दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं.

"आये, तिका ता पाणी देऊ नको," सोनाली म्हणाली.

"खयचा?"

"झरीचा. सगळ्यात वायट ताच आसा. खाणीची माती उतरता त्यात."

"तोंड सांभाळ गो! देवीचा पाणी ता."

"पोटातल्या पोराक त्यान काय होता, ता माका सांगूक येवचा नाय. पण तिका देऊ नको. पाया पडतंय तुझ्या."

सत्यवतीने लॅपटॉपकडे पाहिलं. रेघेतलं तिला काही कळत नव्हतं, लेकीचा चेहरा मात्र कळत होता. तिने सुविधाच्या हातातला पेला ओढून घेतला आणि उभ्याउभ्या घटाघटा पिऊन संपवला. पदराने तोंड पुसलं.

"बघ, माका काय झाला? काय एक नाय!" तिचा आवाज चिरकला होता.

सुविधाने दोन्ही हात पोटावर धरले होते. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही ती हळूच बोलली.

"आई, दोनय वेळा तुम्ही माका काय म्हणालात? देवीचा पाणी मी कमी पियालंय, म्हणान असा झाला."