चौथा सीन

“काका, काकूंचा एक फोटो लागेल,” दामिनी म्हणाली. “चौथ्या सीनला. साधा, घरातला असला तरी चालेल.”

पंजाबराव चहाचा ट्रे हातात घेऊन तसेच उभे राहिले. आपला सागर आणि त्याचे दोन दोस्त गांजावर फिल्म काढणार आहेत, अमरावतीच्या कॉलेजात तिला मार्क आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. रविवार म्हणून तिघं अकोल्याला घरी आले होते आणि सकाळपासून पलंगभर कागद पसरून बसले होते. पोरं गांजाकडे कशी वळतात, पुडी कोणत्या पानठेल्यावर मिळते, कॅमेऱ्यासमोर कोण बोलेल, कोणाचा चेहरा झाकायचा. त्यात सागरच्या आईचं काय काम?

“कोणता चौथा सीन?” त्यांनी विचारलं.

सागरनं मान वर केली. “दामिनी, राहू दे.”

पण दामिनीनं कागद उचलला होता. घरी सगळं माहीत आहे, असं सागरनंच तिला सांगितलं होतं. घरी म्हणजे बापालाही, असं ती समजली. तिनं वाचायला सुरुवात केली. “सागर बारावीत असताना आईला धुण्याच्या पँटमध्ये पुडी सापडते. ती ओरडत नाही. अकोल्यात कोणी पाहील म्हणून दर गुरुवारी त्याला बसनं अमरावतीच्या डॉक्टरकडे नेते. सात महिने.” वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. तिनं पंजाबरावांकडे पाहिलं आणि कागद मांडीवर ठेवला.

“झालं कल्याण,” कॅमेऱ्याच्या बॅगेशी बसलेला कुलदीप पुटपुटला.

पोरगं गांजा ओढत होतं, याचा राग आधी यायला पाहिजे होता. पंजाबरावांनी तो शोधून पाहिला. हाती दुसरंच काही लागलं.

“तुह्या मायनं मले नाई सांगतलं,” ते म्हणाले.

“मीच नको म्हणलो होतो.”

“अन् तिनं ऐकलं?”

“हो.”

“माह्यं तं नाई ऐकलं. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात चाल म्हणून महिनाभर मांगं लागलो होतो. शेवटी उचलूनच न्या लागलं.” त्यांनी ट्रे खाली ठेवला. “अन् या दोघाईले कधी सांगतलं तू?”

“मागच्या वर्षी. होस्टेलवर.”

“म्हणजे कॅमेरावाल्याले माहीत, अन् नवऱ्याले नाई.”

“मले अर्धंच माहीत होतं, काका,” कुलदीप म्हणाला. दामिनीनं त्याला कोपर मारलं.

पंजाबराव एसटीत कंडक्टर. अकोला-अमरावती हा रस्ता त्यांच्या पायाखालचा. “माह्याच रोडनं नेलं तिनं तुले?”

“तुमची गाडी सोडून दुसरी पकडायचो. आई आदल्या दिवशी विचारून ठेवायची तुमाले.”

पंजाबरावांना आठवलं. ताटात भाकर वाढताना ती विचारायची, उद्या कोणती ड्युटी हाये जी? बाकीच्यांच्या बायका विचारतही नाहीत, माझी विचारते, असं त्यांनी डेपोत चारचौघांत मिरवलं होतं.

ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. सागर होस्टेलवर, आपण एकटे या घरात. म्हणून ती पोरापेक्षा जास्त आपलीच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हेही त्यांना कळत होतं. पण वाटत होता. तिचा, आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या पोराचा. दर गुरुवारी येऊन-जाऊन पाच तास. इतका वेळ ती त्यांच्या शेजारी एकदाच बसली होती, लग्नाच्या वर्षी, कौंडण्यपूरच्या यात्रेला जाताना.

“फोटो नाई भेटन,” ते म्हणाले.

“नका देऊ. सीनच काढून टाकतो.”

“चौथा काढला तर उरलं काय?” दामिनी हळूच म्हणाली. “नुसते पानठेले.”

कोणी चहाला हात लावला नाही. पंजाबराव पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांनी विचारलं, “कोणत्या बाजूनं बसे तुही माय?”

“खिडकीत.”

“अन् मी कधी दिसलोच नाई तुमाले?”

“दिसायचे ना. मूर्तिजापूरच्या स्टँडवर दोन्ही गाड्या एकाच टायमाले लागायच्या. तुमची आत येत राहे, तुमी दरवाजात लटकलेले, तोंडात सीटी. तुमाले पाह्यलं का आई खिडकीखाली वाकायची. तुमची गाडी सुटेपर्यंत वाकूनच राहायची. पदर तोंडाशी धरून हसायची.”

हसायची. पंजाबरावांनी मान खाली घातली. दहा हातांवर त्यांची बायको हसत होती, आणि ते सीटी वाजवत होते.

“हसून काय म्हणे?”

सागर आईच्याच चालीत, तिच्यासारखंच खालच्या आवाजात म्हणाला, “म्हणे, आत उभे राहा ना जी. पडसान एखाद्या दिवशी.”

दामिनीनं नकळत पेन उचललं होतं. दोन शब्द तिनं लिहिलेही. पंजाबरावांनी कागदावर हात ठेवला.

“बाकी सारं घ्या,” ते म्हणाले. “हे नको लिहू, पोरी. हे ती माह्यासंग बोलून राह्यली होती.”