पक्का जोड

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी वेल्डिंग मशीन आणलं आणि महिनाभर खपून जुन्या पिंपाचा स्मोकर तयार केला. धुरावर कोंबडी शिजवून अख्ख्या गल्लीला खाऊ घालणार, असं परस्पर जाहीरही करून टाकलं. बायको म्हणाली, "आधी कुणा जाणकाराला दाखवा तरी."

शेजारचा वेल्डर आला. त्याने हातोडीने नुसतं टकटक केलं, तर धुराडं आडवं झालं आणि दोन पाय निखळले. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने पिंपाच्या दाराच्या बिजागरीवर हाणलं, पुन्हा हाणलं. ती जागची हलेना.

"हे काम मात्र एक नंबर! कुणी केलं?"

"म्हणजे काय, मीच!" मास्तरांची छाती फुगली.

"मग बाकीचे जोडही असेच मारा की, माझ्यादेखत."

मास्तर घाम पुसू लागले. तेवढ्यात बायकोने हातमोजे चढवले आणि वेल्डिंगचं हेल्मेट उचललं.

"सरका. दुपारी तुम्ही घोरत असता, तेव्हा मी काय माशा मारत बसते? जा, कोंबडीला मसाला लावा. तो तरी नीट चिकटू दे."