पाच नटांची चाकं

साहेब, तुम्ही त्या बाईला खोटं सांगितलंत.

“असल्या जुन्या डब्याला आता चाकं मिळत नाहीत. भंगारात द्या,” असं तोंडावर म्हणून तुम्ही सरकारी वाहन तपासणीत नोलीनच्या लाकडी कॅरॅव्हानला, गाडीमागे ओढायच्या त्या घराला, नापास केलंत. तेही नाताळ दारात येऊन उभा असताना. टायरला चिरा होत्या, मान्य. त्या दाखवणं तुमचं कामच. पण चिरा टायरला होत्या आणि तुम्ही मोडीत काढलंत अख्खं घर. तुम्ही इथलेच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत समुद्रकाठच्या तळावर कॅरॅव्हान उभी नसली, तर पाइनच्या झाडाखालची तिची ठरलेली जागा वाट बघणाऱ्या पुढच्या कुटुंबाला जाते, कायमची, हे तुम्हाला माहीत होतं. नोलीनची पोरं, सुना, नातवंडं वर्षातून एकदा त्या झाडाखाली जमतात. एरवी ती एकमेकांना फोनसुद्धा करत नाहीत.

मग काय झालं ते ऐका.

नुन्झिओच्या टायरच्या दुकानासमोर, आपल्याकडच्या नाताळातल्या रणरणत्या उन्हात, नोलीन एका पालथ्या रिमवर बसली होती. शेजारी तिचा नवरा क्लॅरी, हाताची घडी घालून, आणि मागे चाकं काढून ठेवलेली कॅरॅव्हान. नुन्झिओने एक चाक गडगडत आणलं.

“पांढऱ्या पट्ट्याचे टायर. दिसायला नवरी. पण कॅरॅव्हानचं ओझं यांना झेपणार नाही, पहिल्या खड्ड्यात माहेरी जातील.” मग दुसरं आणलं. “हे काळं ध्यान. पण ओझ्यासाठीच बनवलंय. पाच नट-बोल्टांच्या रिमवर बसतं, तुमच्या डब्याच्या मापाचं. मिळत नाही म्हणे! माझ्याकडे पडून आहेत.”

“चालणार नाही,” क्लॅरी म्हणाला. “माझ्या गाडीला सहा नट.”

नुन्झिओने मान डोलावली. इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओढणारी आणि ओढली जाणारी, दोघींचं चाक एक हवं. म्हणजे माळरानात कुणाचंही टायर फुटलं तरी एका स्टेपनीत भागतं.

“मग सहा नटांचं मोठं चाक बसवतो. पण मडगार्डमध्ये मावणार नाही. बाजू कापावी लागेल.”

“काप.”

“तिला करवत लागली,” नोलीन म्हणाली, “तर पहिली तुझी टांग कापीन.”

“अरे, भांडता कशाला?” नुन्झिओ म्हणाला. “दोन स्टेपन्या घ्या.”

“दोन?” क्लॅरीचा चेहरा लाल झाला. “मी काय पैसे उधळणारा सिडनीवाला वाटलो तुला?”

नोलीन नवऱ्याच्या बुटांकडे बघत होती.

“क्लॅरी, शेडमधल्या तुझ्या त्या जुन्या होल्डन गाडीला किती नट आहेत रे?”

क्लॅरी बुटाने माती उकरायला लागला.

“किती?”

“पाच.”

“झालं तर. कॅरॅव्हान कशाला कापायची? गाडी बदल.”

“नोलीन, ती रविवारी गावातून एक चक्कर मारते, बास. आली की मी तिला फडक्याने—”

“बघते ना दर रविवारी. मला कधी इतक्या मायेनं हात लावला नाहीस.”

“वाटेत चेरी ट्रीच्या डोंगराचा उभा चढ आहे. ऊन हे असं. तिला काही झालं तर?”

“मग कशासाठी जपून ठेवलीस? माझी शवपेटी ओढायला?”

नुन्झिओ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

क्लॅरी तरातरा निघून गेला.

“आता हा येत नाही,” नुन्झिओ म्हणाला.

“येतो. तू चहा टाक.”

चहा संपायच्या आत ती आली. आकाशी रंगाची लांबलचक होल्डन, आरशासारखी. क्लॅरीने मागचं दार उघडून तिची स्टेपनी काढली आणि नुन्झिओला हात लावू न देता स्वतः कॅरॅव्हानच्या आसाला लावून बघितली. पाची बोल्ट पाची भोकांतून अलगद बाहेर आले. त्याने चाक काढलं. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं.

“आता लावलंस तर भाडं घेईन,” नुन्झिओ म्हणाला.

“काळे टायर टाक,” क्लॅरी म्हणाला. “पण रिम मी रंगवणार. आकाशी.” आणि साहेब, त्या बहात्तर वर्षांच्या खडूस माणसाने भर रस्त्यात बायकोच्या टाळक्याचा मुका घेतला.

फेरतपासणीला तुम्ही नव्हतात. तुमच्या सोबत्याने वाकून, ठोकून, हलवून बघितलं आणि पास केलं.

चेरी ट्रीच्या चढाला होल्डन दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चालली आणि मागे गाड्यांची ही रांग लागली. एकानेही शिवी दिली नाही. वर पोचल्यावर क्लॅरीने बाजूला घेऊन सगळ्यांना वाट दिली, तर जो तो हॉर्न वाजवत, हात हलवत पुढे गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कॅरॅव्हान पाइनखाली उभी होती. पोरं सायकली टाकून धावली. दोन भाऊ, जे ईस्टरपासून बोलत नव्हते, ते तंबूची दोरी कोणी चुकीची बांधली यावरून मनसोक्त भांडायला लागले.

माझा तंबू शेजारीच. म्हणून तुम्ही आलात ते मी पाहिलं. गणवेश नव्हता. हाफपँट, रबरी चपला, नाकाला पांढरं मलम. तुम्ही कॅरॅव्हानच्या चाकापाशी उकिडवे बसलात, आकाशी रिमवरून अंगठा फिरवलात. नोलीनने तुम्हाला ओळखलं. ओळखूनही हॅमची बशी तुमच्या हातात दिली.

“अशी चाकं अजून दोन मिळतील का हो?” तुम्ही हळूच विचारलंत.

क्लॅरीने तोंडातला घास गिळला. “कुणासाठी?”

तुम्ही समुद्राकडे बघत बसलात. कान तांबडे झाले होते.

बोला की, साहेब. नोलीन थांबलीय, पोरं थांबलीत, मी थांबलोय. तुमच्या शेडमध्ये, भंगारात न दिलेली, कोण उभी आहे?