अकरा दिवस अळणी

डॉक्टर मृण्मयींनी गौतमीचा तळवा उघडला आणि त्यावरच्या रेषांवरून बोट फिरवलं. रेषा काळ्याकुट्ट होत्या. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्याही काळवंडलेल्या.

"हे कधीपासून?"

"सा म्हैने झाले असतील," गौतमीचा नवरा कैलास म्हणाला. "आमी म्हणलं, शेतातल्या उन्हानं रापली."

"हिरड्यांना ऊन लागतं का हो?"

कैलास म्हणजे कोळवण ते पौड जीप पळवणारा गडी, एरवी कुणाला ऐकायचा नाही. पण पुण्याच्या या दवाखान्यात त्याची पार बोबडी वळली होती. सहा महिन्यांत बायको डोळ्यांदेखत निम्मी झाली होती. चक्कर काय, उलट्या काय, धड उठून बसायचं बळ नाही. कुणी कावीळ म्हटलं, कुणी रक्त कमी म्हटलं. टॉनिकच्या बाटल्यांनी फळी भरली. आणि पोरीचा एकच हट्ट, मीठ! भातावर मीठ, ताकात मीठ, काही नाही तर नुसतं तळहातावर घेऊन चाटायची. आळीतल्या बायका कुजबुजल्या, हे माणसाचं लक्षण नव्हं बाई, हिला बाहेरचं लागलंय.

म्हणून कैलासच्या आईनं, धोंडाबाईनं, नवस बोलला. वाघजाईपुढं, भर गावादेखत, पदर पसरून. "सून उठून बसंस्तवर माझ्या घरात मीठ शिजायचं न्हाई. ज्याच्या हातनं मीठ पडंल, त्याला तू उचल."

धोंडाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच दुपारी तिनं मिठाची बरणी ओढ्यात रिकामी केली. घर अळणी खाऊ लागलं. थोरली सून शुभांगी गौतमीजवळ झोपायची, तर धोंडाबाई मिठाचा खडा लपवलाय का म्हणून रोज सकाळी शुभांगीचा पदर झाडून बघायची. गौतमीची पेजही धोंडाबाई स्वतःच भरवायची. दुसऱ्या कुणाचा भरवसा नको.

त्याच दिवसांत तिनं कपाटाच्या किल्ल्या शुभांगीच्या कमरेला खोचल्या. बियाण्याची कणगी दाखवून ठेवली. हातातल्या पाटल्या उतरवून डब्यात घातल्या. घरात मरणाची तयारी चाललीय, हे कैलासला समजत होतं. कुणाच्या, ते विचारायची त्याची छाती नव्हती. अकराव्या दिवशी गौतमीची शुद्ध हरपली, तेव्हा त्यानं कुणालाच विचारलं नाही. तिला जीपमध्ये घातलं आणि थेट पुणं गाठलं.

आता तिच्या हाताला सलाईन होतं, इंजेक्शनं चालू होती.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात," डॉक्टर सांगत होत्या. "हिचं शरीर त्यांनाच शत्रू समजून संपवतंय. त्या थकल्या की अंगात मीठ टिकत नाही, वाहून जातं. रक्तदाब कोसळतो, कातडी काळी पडते. मिठाची ओढ लागते ती त्यामुळंच. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, ताप आला तर वाढवाव्या लागतील. पण नीट घेतल्या, तर संसार करील ही."

संध्याकाळी गौतमी उशीला टेकून बसली. तिनं चहा मागितला. कैलास एवढा बाप्या माणूस, पण वऱ्हांड्यात जाऊन ढसाढसा रडला.

मग त्यानं डॉक्टरांना नवसाचं सांगितलं. मृण्मयींनी चष्मा काढून हातात घेतला.

"अकरा दिवस अळणी? अहो, शक्यच नाही! हे रिपोर्ट बघा. या अवस्थेत मीठ तोडलं असतं, तर चार दिवसही काढले नसते हिनं. कुणीतरी हिला मीठ चारलंय. रोज, न चुकता." त्या क्षणभर गौतमीकडे बघत राहिल्या. "मीठ काही या रोगावरचं औषध नव्हे. पण तेवढ्यावर कुणीतरी हिला माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. मी थक्क झालेय. कोण असेल त्या माणसाच्या पाया पडा."

कैलासच्या अंगावर सरसरून काटा आला. घरात नवस, डोक्यावर देवीचा कोप, आणि तरी कुणाची एवढी छाती? शुभांगीवहिनीच! दुसरं कोण? रात्रभर तीच तर उशाशी असायची.

सकाळी गावी पोचला तो चपला न काढताच तिच्यापुढं वाकला.

"अवं भावजी, ह्ये काय!" शुभांगी मागं सरकली. त्यानं सगळं सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. "मी न्हाई वं. तिनं हात धरून मागितलं माझ्याकडं, लई रडली. पर मला दोन लेकरं हायेत. माझं धाडस न्हाई झालं. देवाशपथ."

कैलास चक्रावला. तसाच गोठ्यात गेला. धोंडाबाई म्हशीपुढं वैरण टाकत होती. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी ठरवलं.

"पोर कशी हाय?" तिनं विचारलं.

"उठून बसली आये. च्या मागितला."

धोंडाबाईनं डोळे मिटून हात जोडले.

"तितं मीठ देत्यात का तिला?" ती म्हणाली. "डाक्टरला सांग, चिमटीनं भागत न्हाई तिचं. पेजेत चमचा भरून टाकलं, तरच पोटात ठरायचं."

कैलासनं आईचा हात धरला.

"आये... तू? अन् नवस?"

"नवस हाय की. त्यो कुटं मोडलाय?" धोंडाबाईनं उरलेली वैरण सारखी केली. "रोज जाऊन सांगत व्हते वाघजाईला, पोर उठून बसंस्तवर मला ऱ्हाऊ दे. मग कवाबी उचल."