इशिताच्या पलंगाची गोधडी

"उलटी फिरू नकोस गं," केतकीची आई नातीला म्हणाली. "गोधडीला उजवी प्रदक्षिणा घालायची. देवाला घालतो तशी."

चार वर्षांची इशिता थबकली. खाली अंथरलेल्या जुन्या साड्यांच्या थराभोवती ती मघापासून गरगर धावत होती.

"आजी, रजाईला पण उलटं-सुलटं असतं?"

"रजाई नाही, गोधडी. माझे टाके बघ. काठापासून आत, फेरीवर फेरी, घड्याळाच्या काट्यासारखे. उलटं असतं ते गेलेल्यांचं. आजोबांच्या श्राद्धाला पाणी कसं फिरवलं होतं?"

"उलटं!"

"हां. म्हणून आपण सुलटं."

"अच्छा!" म्हणत इशिताने दिशा बदलली.

केतकी सोमवारच्या ऑफिससाठी साडीला इस्त्री करत होती. "आई, पानिपतची दोन ब्लँकेटं आहेत हिला. कशाला डोळे फोडतेस?"

"त्या ब्लँकेटांना आपल्या कुणाचा वास आहे का? ह्यात तुझ्या बाबांचा शर्ट आहे, माझी हिरवी साडी आहे. वेगळ्या पलंगावर झोपायला लागलीये ना ती? मग एकटं वाटायला नको."

सप्टेंबरातला रविवार होता. राजधानीतल्या आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळी इशिता न सांगताच अर्धवट गोधडीवर आडवी झाली. खिचडीला नको म्हणाली.

"दमली," केतकी म्हणाली.

दोन दिवसांनी आईला डेंग्यूने गाठलं. तेरा दिवस ती हॉस्पिटलात होती, त्यांतले सहा आयसीयूत. घरी सोडताना डॉक्टरांनी केतकीला बाजूला घेतलं. हृदय फार थकलंय, म्हणाले. धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका.

घरी आल्यावर आई भिंत धरत धरत आतल्या खोलीपर्यंत गेली. छोट्या पलंगावरच्या चादरीला एकही सुरकुती नव्हती.

"इशिता?"

"अंशुमनकडे आहे. बंगळूरला." नवऱ्यापासून वेगळं होऊन केतकीला दोन वर्षं झाली होती. "तुझं आजारपण, माझं ऑफिस. कोण बघणार होतं तिला?"

"मला न भेटता गेली?"

"तू शुद्धीवर कुठे होतीस, आई?"

चार दिवसांनी आईने गोधडी पुन्हा मांडीवर घेतली. टाके घालता घालता ती म्हणायची, "फोन लाव ना तिला." ती शाळेत असेल, केतकी म्हणायची. झोपली असेल. नेटवर्क नाहीये. ऑफिसातून परतताना मेट्रोतच ती त्या दिवसाचं कारण ठरवून ठेवायची.

"अंशुमन बोलू देत नाही का?" आईने एकदा विचारलं.

केतकीने मान खाली घातली.

"बापाचंही मूल आहे," आई म्हणाली. "पण म्हणून इतकं?"

दसऱ्यानंतर वरच्या मजल्यावरच्या अलकाजी आईला बघायला आल्या. गोधडीची नववी फेरी चालू होती. केतकी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा अलकाजी पदराने डोळे टिपत होत्या. "बहुत सुंदर है, आंटीजी," एवढंच म्हणून त्या कप न उचलताच उठल्या.

केतकीने दार लावलं. "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. टाके बघत होत्या."

त्यानंतर आईने फोनचं नाव काढलं नाही. केतकीला सुटल्यासारखं झालं. म्हातारपणी माणूस विसरतं, तिला वाटलं, आणि विसरतं तेच बरं.

फक्त थंडी सुरू झाली तेव्हा एकदा सुईत दोरा ओवता ओवता आईने विचारलं, "तिकडे थंडी नसते ना गं?"

"नाही, आई. तिकडे बारा महिने हवा छान असते."

"बरं." आईने चष्मा पुसला. "मधल्या तुकड्याला तिचा तो पिवळा फ्रॉक दे. सरोजिनी नगरातून आणलेला."

"अगं, आल्यावर घालेल की ती."

"आता नाही व्हायचा तिला तो."

केतकीने कपाटातून फ्रॉक काढला आणि त्याच्याकडे न बघता आईच्या हातात दिला.

डिसेंबरातल्या एका सकाळी चहा गार झाला तरी आई उठली नाही.

तेरावं झालं. नातेवाईक गेले. अलकाजी डबा घेऊन आल्या, त्यांनी कोपऱ्यातली गोधडी पाहिली. "अधूरी मत रखो, बेटा. आंटीजी का मन अटका रहेगा इसमें."

दुपारी केतकीने ती इशिताच्या पलंगावर पसरली. बरोब्बर मावली. आता मधोमध, पिवळ्या फ्रॉकवर, तळहाताएवढीच जागा राहिली होती. आईने रोवलेली सुई तिथे तशीच होती.

तिने सुई उपसली आणि लहानपणी शिकवल्याप्रमाणे पुढचा टाका घालायला गेली. पण त्या बाजूचं तर शिवून झालं होतं. मोकळी जागा दुसऱ्या बाजूला होती.

चाळीस वर्षांत ह्या बाबतीत आईचा हात चुकला नव्हता. केतकीने टाक्यांवर बोट ठेवलं आणि ती त्यांचा माग घेत मागे जाऊ लागली. पिवळ्या फ्रॉकवरून हिरव्या साडीवर, तिथून बाबांच्या शर्टावर. फेरीमागून फेरी, काठाच्या दिशेने. एका जागी बोटाला गाठ लागली. आईने तिथे दोरा तोडून नवा घेतला होता. केतकीने काठापासून तिथपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या. नऊ. त्या नऊ सुलट होत्या. गाठीनंतरचा एकूण एक टाका उलटा होता.

ती पुन्हा मधल्या पिवळ्या तुकड्याशी आली. मग तिने पलंगावरच्या गोधडीत सुई खुपसली, उलट्याच दिशेने, आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली, "आई, तू आयसीयूत होतीस ना, तेव्हा त्याच तापात आपली इशिता गेली गं."