फोकसपुरती

"आण्णा, मोबाईलवर काढतो की. एका मिनटात हुतंय."

"मोबाईल खिशात ठेव," पंचाक्षरींनी लेकाला सुनावलं. "ह्या घरात फोटो मी काढतो."

वीरेशनं मोबाईल खिशात टाकला. एरवी असल्या गोष्टीवरून बापलेकांची अर्धा अर्धा तास जुंपायची.

गंगावेशीतल्या त्या घराचा बाहेरचा सोपा जेमतेम दहा फुटांचा. सगळ्यांना एका चौकटीत बसवायचं तर वाइड अँगल लेन्सच हवी. पंचाक्षरींकडं ती होती. तीस वर्षांपूर्वीची, हातानं कडं फिरवून फोकस करायची. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावरही ती अजून ठणठणीत चालायची. कामातून गेले होते ते डोळे.

दोन वर्षांपासून ते जिथं बघायचे, नेमकं तेवढंच पुसलं जायचं. कडेचं दिसायचं. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या खांद्याकडं बघावं लागायचं. कडेचंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यात वाइड अँगलमधून माणसं साबुदाण्याएवढी दिसतात, आणि सगळंच जवळपास ठीक वाटतं. चूक कळते ती फोटो मोठा केल्यावर.

दारात केळीचे खांब बांधायचं काम चाललं होतं. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं होतं. शेजारच्या बायडाबाई आपल्या घरून चहाची किटली घेऊन आल्या.

"आण्णा, दोन घोट घ्या. सकाळपासनं पोटात काय न्हाय तुमच्या."

"फोटो हुंदे."

मध्ये खुर्चीवर मांडी घालून त्यांची बायको अक्काताई. नवं इरकल लुगडं, कपाळभर विभूती, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग, रोज पूजेला बसायच्या तशा. दोन्ही बाजूंना वीरेश, सून, नातवंडं. लेक शांभवीनं आईच्या पाठीमागं उशी सरकवली, हनुवटी बोटानं जरा वर केली.

"असं बरं दिसतंय काय, आण्णा?"

"दिसतंय," पंचाक्षरी म्हणाले. खरं तर त्यांना बायकोच्या जागी धुकं दिसत होतं.

एकेचाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, आणि प्रत्येक ग्रुप फोटोच्या आधी ते अक्काताईंना गिऱ्हाइकांच्या जागी उभं करायचे. हनुवटीखाली कॅलेंडरचं पान धरून ती उभी राहायची. त्या पानावरच्या ठसठशीत आकड्यांवर ते फोकस धरायचे आणि म्हणायचे, "हं, सर आता." ती बाजूला सरायची. तिच्या जागी नवरानवरी यायची, पुढारी यायचे, कुस्ती मारलेले पैलवान यायचे. फोटो त्यांचा निघायचा.

हजारो वेळा ती त्यांच्या कॅमेऱ्यात नेमकी, स्वच्छ उभी राहिली होती. खटका मात्र एकदाही दाबला नव्हता. लग्नातला खाली मान घातलेला फोटो आणि आधार कार्डावरचा, एवढीच काय ती तिची कमाई. फोटोवाल्याची बायको ती.

एकदा म्हणाली होती, "आमचा बी एक काढा की."

"काढू की. पळून चाललीयास काय कुठं?"

त्यावर ती हसली होती. आज पंचाक्षरींना ते हसणं आठवलं. एवढंसं मागितलं होतं बाईनं, तेही एकदाच. आपल्यासारखा कोडगा नवरा दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं.

"शांभवी, कॅलेंडराचं पान घे. आईच्या हनुवटीखाली धर."

तिनं धरलं.

"जरा वर घे, बाळ."

"घेतलं," ती म्हणाली आणि पान दोन्ही हातांनी धरलं.

पंचाक्षरींनी कॅमेरा थोडा तिरका केला. आकडा चौकटीच्या कडेला आला, जिथं त्यांना अजून दिसत होतं. कडं सावकाश फिरवलं. आकडा फुगला, मग विरघळला. परत उलटं फिरवलं. धाकटा नातू चुळबुळला, सुनेनं त्याला जवळ ओढलं. मांडी न बदलता बसल्या होत्या त्या एकट्या अक्काताई. चांगलं गिऱ्हाईक असंच असावं, असं पंचाक्षरी नेहमी म्हणायचे.

"मामा, लवकर आटपा," दारातून भाचा उदयसिंह म्हणाला. "मठातलं स्वामी वाट बघाय लागल्यात."

"बघू देत. एकेचाळीस वर्षं ही थांबली, त्यांना पाच मिनटं थांबाय काय हुतंय?"

उदयसिंह दारातून मागं सरला. टाळही थांबले.

आणि मग आकडा उभा राहिला. काळाभोर, कडा धारदार. पंचाक्षरींनी कड्यावरचं बोट तसंच दाबून धरलं. शांभवी पान घेऊन बाजूला सरली. त्यांनी कॅमेरा सरळ केला. ओठांवर सवयीनं शब्द आले होते, ते त्यांनी गिळले.

"आज तुला सर म्हणणार न्हाय," ते हळू म्हणाले आणि खटका दाबला.

कॅमेरा वीरेशच्या हातात देताना त्यांना दम लागला होता. "मोठा करून बघ. खरं सांग."

वीरेशनं फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केला.

"केस न् केस दिसतोय, आण्णा," तो म्हणाला. "असला फोटो कुणाला जमायचा न्हाय."

"डोळं बघ सगळ्यांचं. कुणाचं मिटलं न्हाईत न्हवं?"

वीरेशनं कॅमेरा खाली घेतला.

"अरं, बोल की."

"आईचं मिटल्यात."

"मग परत एक घिऊ," पंचाक्षरी घाईघाईनं म्हणाले आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढं केला. "फोकस तसाच हाय. तिला सांग, जरा डोळं उघड म्हणावं. एकदाच."

शांभवीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आण्णा, समाधी खणून झालीया. आईला उचलायला आल्यात."