आधी स्टिकर वाचा

"घे, उघडला," रूपेश म्हणाला आणि फोन काउंटरवर सरकवला.

तलासरीहून आलेल्या सुकऱ्याने आधी फोटो बघितले. पोरीच्या बारशाचे सगळे जागच्या जागी होते. त्याच पोरीने आता पडद्यावर बोटं फिरवून फिरवून फोन लॉक करून टाकला होता.

"एक पण गेला नाय!" सुकऱ्या इतक्या जोरात ओरडला, की बाकड्यावर बसलेल्या हरिश्चंद्रभाऊंच्या हातातला चहा हिंदकळला.

"लॉक काढायला फोटो कशाला जातील?" रूपेश म्हणाला. "ते दुसऱ्यांच्या दुकानात जातात."

"मग नवीन व्हर्जन घरीच टाकू काय? भाऊ बोलतो, व्हिडिओ बघून जमतं."

"जमतं ना. फोन डेड करायचं पण घरबसल्या जमतं." रूपेशला हा विषय निघाला की स्फुरण चढायचं. "आधी सगळं दुसरीकडे उतरवून ठेवायचं, कारण नवीन सॉफ्टवेअर जुन्याला घरात राहू देत नाय. चार्जिंग भरपूर पाहिजे. मध्येच केबल हलवली तर संपलं. गॅरंटी गेली ती गेलीच. पण सगळ्यात आधी काय? बॅटरी काढून खालचा स्टिकर वाचायचा! दिसायला दोन फोन जुळे असतात, आतून मॉडेल वेगळं. एकाची फाईल दुसऱ्यात मारली की फोनची वीट."

"मग?"

"मग काय, कुंपणाला लाव."

सुकऱ्याने फोन छातीशी धरला आणि भावाचा सल्ला डहाणूतच सोडून निघून गेला.

हरिश्चंद्रभाऊ उठले. मसोलीला त्यांची चिकूची वाडी होती. अंगावर परीटघडीचा सदरा होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी खिशातून एक फोन काढला. त्याच्या जांभळ्या कव्हरवर मोर होता.

रूपेशने मोराकडे एकदा पाहिलं. नंतर तो पंख्याकडे पाहू लागला.

"मुलीचा आहे," भाऊ म्हणाले. "लॉक आहे. उघडून पाहिजे."

"मुलीलाच विचारा ना, काका. पॅटर्न सांगेल की."

"सांगितला असता तर तुझा चहा कशाला प्यायला आलो असतो? रविवारी घोलवडची माणसं तिला बघायला येतायत. आणि ही म्हणते, मी दुसऱ्याला होकार दिलाय. कोणाला, तर बोलत नाय. नाव ह्याच्यात असणार. मला ते रविवारच्या आत पाहिजे."

"नाव मिळाल्यावर काय करणार?"

"ते त्याचं नशीब."

रूपेशने घाम पुसला. पंखा जोरात चालू होता.

"काका, ह्याचं लॉक नुसतं निघणार नाय. अख्खं सॉफ्टवेअर नवीन मारायला लागेल."

"आत्ता त्याचं तर निघालं."

"त्याचं वेगळं. ह्याच्यात सगळं साफ होणार. मेसेज, फोटो, नंबर, सगळंच. काहीसुद्धा उरणार नाय."

"उरणार नाय?"

"नाय!" रूपेश म्हणाला. वाईट बातमी इतक्या उमेदीने सांगणारा माणूस भाऊंनी पाहिला नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "मार."

"व्हर्जन कुठलं, लॉलीपॉप टाकू की मार्शमेलो?"

"मिठाईचं दुकान आहे की मोबाईलचं? टाक काय टाकायचं ते."

रूपेशने सिम काढून बाजूला ठेवलं, केबल जोडली. फाईल त्याला शोधावी लागली नाही, ती लॅपटॉपवर समोरच होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. भाऊ काउंटरवर ओणवे झाले आणि शेवटच्या षटकातला सामना बघावा तसे बघू लागले.

पट्टी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली.

"गेला काय?" भाऊ दचकले.

"लॅपटॉपला बॅटरी आहे! हलू नका! केबल, केबल!"

दोघंही श्वास रोखून उभे राहिले. बाहेर एक गिऱ्हाईक रिचार्ज मागत होतं, त्याला भाऊंनीच हाताने थांबवलं. पट्टी थांबली, पुन्हा सरकली, कडेला पोचली. लॅपटॉपवर अक्षरं उमटली: काम फत्ते. रूपेशने मूठ हवेत उडवली. भाऊंनीही उडवली.

फोन एकदा थरथरला आणि काळा पडला.

रूपेशने बटण दाबलं. धरून ठेवलं. केबल बदलली, बॅटरी काढून पुन्हा बसवली. मोर जागचा हलला नाही.

"वीट?" भाऊंनी विचारलं.

"वीट," रूपेश म्हणाला. त्याने चेहरा पाडला, पण आवाज काही पडेना. "मी आधीच बोललो होतो, काका. रिस्क असते. आता ह्याच्यातून ब्रह्मदेव पण नाव काढू शकत नाय. जाऊ दे. पोरीच्या मनाविरुद्ध कशाला नाव शोधायचं?"

"खरं आहे." भाऊंनी फोन हातात घेतला. "निधी एवढंच बोललेली, की पोरगा मोबाईलवाला आहे. डहाणूत तसे पुष्कळ. सकाळपासून सगळ्यांकडे जाऊन आलो. प्रत्येकाने चहा संपायच्या आत लॉक काढून दिलं. दर वेळी मलाच परत घालावं लागलं."

लाईट आली, पंखा फिरू लागला.

भाऊंनी मोराचं कव्हर सावकाश सोलून काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हे तेवढं निधीचं. ती आंघोळीला गेली तेव्हा काढून घेतलं. आता शटर ओढ आणि घरी चल. फोन तिच्या आईचा होता, नुसता दिसायला जुळा. सगळी भजनं कुठे गेली, ते तुझ्या सासूला तूच सांग."